एकेचाळिसावी गोळी

बेंगळुरूत न हलणाऱ्या गोष्टी दोनच. एक, के. आर. पुरमच्या पुलाखालची संध्याकाळची वाहतूक, आणि दुसरी, आमच्या समोरच्या अक्का. त्यातली वाहतूक निदान दसऱ्याला, लोक आपापल्या गावी गेले म्हणजे, थोडीफार सरकते. अक्का तेवढ्याही सरकत नाहीत. नाकावर माशी बसली तर तुम्ही-आम्ही हात झटकतो, मान उडवतो, आणि तरीही माशी पुन्हा तिथेच येऊन बसते. अक्का तिला बसू देतात. एकदा मला राहवलं नाही आणि मी म्हणालो, "अक्का, माशी." ओठ न हलवता उत्तर आलं, "असू दे की हो. ती काय कायमची राहायला आलीय होय?" थोड्या वेळाने माशीच कंटाळली आणि माझ्याकडे आली.

बनशंकरीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं आहेत, आणि त्यांची दारं एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. अक्कांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी अशी मुरली आहे, की कुठून कुठपर्यंत काय हे त्यांनाही सांगता येत नाही. मी निपाणीचा, म्हणजे दोन्ही भाषांत सारखाच चुकणारा, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. अक्का मला नावाने कधी हाक मारत नाहीत, "अहो निपाणीवाले" म्हणतात. नोकरीने त्या एका सरकारी खात्यात अधीक्षक. कॉलेजात असताना एन.सी.सी.त कुणीतरी त्यांच्या हातात रायफल दिली, ती त्यांनी अजून खाली ठेवलेली नाही. त्यांचा प्रकार म्हणजे पन्नास मीटरवर पालथं पडून मारायच्या साठ गोळ्या. "उभं राहून काय, कुणीही मारील," असं त्या म्हणतात, पण ते उभ्याने मारणाऱ्यांसमोर म्हणत नाहीत.

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्का एका हातात चिरोट्यांचं ताट आणि दुसऱ्या हातात मोजपट्टी घेऊन आल्या. आधी ताट दिलं, मग आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीला पट्टीचं एक टोक लावून माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक ओढत ओढत थेट आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथून त्यांचा आनंदी आवाज आला, "बरोबर दहा मीटर भरतात हो!" प्रकार असा होता, की घरी गोळीविना करायच्या सरावाला त्यांना दहा मीटर जागा लागायची आणि त्यांच्या घरात सरळ रेषेत मिळायचे सहाच मीटर. उरलेले चार मीटर मधल्या पॅसेजात आणि आमच्या घरात होते. रोज सकाळी सहा ते सात दोन्ही घरांची दारं उघडी ठेवायची, अक्का आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पालथ्या पडणार, आणि त्यांची रायफल मधला पॅसेज ओलांडून आमच्या भिंतीवरच्या रुपयाएवढ्या काळ्या ठिपक्यावर रोखलेली राहणार. माझी बायको पुण्याची. पुण्यात शेजाऱ्यांचे संबंध ताणलेले असले तरी या थराला जात नाहीत. तिने चिरोटा ताटात परत ठेवला. तेव्हा अक्कांनी रायफल आणली, मागची बाजू उघडून आरपार प्रकाश दाखवला आणि म्हणाल्या, "वैनी, माझ्यावर विश्वास ठेवू नका. विश्वास ठेवायचा नसतो, बघायचं असतं. रोज बघायचं." तेव्हापासून अकरा वर्षं माझी बायको रोज सकाळी दात घासायच्या आधी रायफलीच्या नळीतून बघते आणि "बघितलं, रिकामी आहे" असं मोठ्याने म्हणते. एकदा सर्दीने बेजार होती, म्हणून न बघताच "हो हो" म्हणाली, तर अक्का तशाच पडून राहिल्या. सराव सुरूच करेनात. शेवटी बायको नाक पुसत उठली आणि बघून आली.

या एका तासात आमच्या घरात कुणी मधून जायचं नाही हा नियम. पाणी प्यायचं तर भिंतीला चिकटून, फोन घ्यायचा तर रांगत. सिलिंडरवाला पहिल्या दिवशी जिना चढून वर आला, नळी बघितली, सिलिंडर अलगद खाली ठेवला आणि दोन्ही हात वर केले. अक्का म्हणाल्या, "सुम्ने निल्लप्पा," म्हणजे नुसता उभा राहा रे बाबा, आणि तो बिचारा सात वाजेपर्यंत उभा राहिला. आणखी एकदा घरांचा एजंट कोरमंगल्यातल्या कुठल्याशा कंपनीतल्या तरुणाला दुसऱ्या मजल्यावरचं घर दाखवायला आला होता. चुकून एक मजला जास्त चढला. आता हा पोरगा पळतो असं मला वाटलं. पण त्याने शांतपणे सगळं न्याहाळलं, "इथे सिक्युरिटी चांगली दिसते," असं म्हणाला आणि घर घेतलं.

दोन घरांची दारं समोरासमोर असली तरी एक अडचण होती. आमच्या दाराच्या आत उजव्या हाताला चपलांचं कपाट होतं. त्यामुळे ठिपका नेमका समोर न लावता एक वीतभर डावीकडे लावावा लागला आणि अक्का फरशीच्या रेघेला थोड्या तिरप्या पडू लागल्या. कपाट हलवतो असं मी दोन-तीनदा म्हणालो होतो. "बेडा हो, कशाला उगीच," असं त्या म्हणाल्या, आणि मीही मराठी माणूस, नको म्हटल्यावर आग्रह कसला करतो! कपाट राहिलं.

रेंजवर जाताना अक्का रिक्षाने जातात. लांबलचक काळी पेटी आडवी मांडीवर घेतात, तिची दोन्ही टोकं रिक्षाच्या बाहेर डोकावतात. रिक्षावाले हटकून विचारतात, "वीणेना अम्मा?" बंदूक म्हटलं की पुढे शंभर प्रश्न येतात, म्हणून अक्का नुसती मान डोलावतात. एका रिक्षावाल्याने त्यांना पुढच्या आठवड्यातल्या, आपल्या गल्लीतल्या रामनवमीच्या मांडवात वीणावादनाचं निमंत्रण दिलं, ते सुद्धा पेटी बघून, "एवढी मोठी वीणा म्हणजे कलाकार मोठाच" असं म्हणत. आता कबूल करावं तर आधी मान डोलावलेली. अक्का मांडवात गेल्या, पहिल्या रांगेत बसल्या, "हात दुखावलाय" म्हणाल्या, आणि तासभर इतक्या निश्चल बसून गाणं ऐकलं, की मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांचाच शाल घालून सत्कार केला.

हृदयाचा ठोका हा त्यांचा जन्माचा वैरी. ठोका पडला की नळी हलते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत घोडा ओढायचा, असं त्यांचं शास्त्र. हे शास्त्र रेंजपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण अक्का सुईत दोरा ओवतात तो दोन ठोक्यांच्या मध्ये, आणि ऑफिसात फायलीवर सही करतात तीही दोन ठोक्यांच्या मध्ये. त्यांच्या सहीसाठी ताटकळलेल्या कंत्राटदारांना वाटायचं, बाई काहीतरी अपेक्षा ठेवून थांबली आहे. बाई फक्त ठोका जायची वाट बघत असायची. स्पर्धेआधी तीन महिने कॉफी बंद. बेंगळुरूत कॉफी सोडणं म्हणजे घर सोडण्यासारखंच आहे. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे इकडच्या उभ्याने खायच्या हॉटेलात, त्या माझ्याबरोबर यायच्या, स्वतःसाठी एक कॉफी घ्यायच्या, डोळे मिटून तिचा वास घ्यायच्या आणि मग "घ्या, संपली माझी" असं म्हणून पेला माझ्यासमोर सरकवायच्या. अक्कांच्या स्पर्धांच्या काळात माझं पित्त वाढायचं ते असं.

आणखी एक तऱ्हा म्हणजे आकडा बघायचा नाही. नेम धरताना आपले गुण किती, आपण कितवे, हे कळलं की माणूस बिघडतो असं त्यांचं ठाम मत. हेही घरापर्यंत आलं. अक्का वजनकाट्यावर डोळे मिटून उभ्या राहतात आणि आकडा त्यांचे यजमान वाचतात. यजमानांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा अत्यंत शांत गृहस्थ आहेत, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. नेमबाजीचा जाड कॅनव्हासचा कडक कोट अक्कांना चढवणं, त्याचे पट्टे आवळणं आणि चवड्यांवर चालत पोळ्या करणं, ही तीन कामं त्यांच्याइतकी निगुतीने कुणी करत नसेल. अक्कांना ताप आला तरी किती ते अण्णा सांगत नाहीत. "गोळी घे" एवढंच म्हणतात.

हे सगळं वाचून बाई विक्षिप्त आहे असं तुम्ही म्हणाल, आणि आहेतच त्या. पण या सगळ्या विक्षिप्तपणाच्या तळाशी एकच साधी इच्छा होती. जिथे सगळे खेळ एकत्र होतात, झेंडे घेऊन मिरवतात, अशा एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकदा तरी आपण मारावं आणि निकालाच्या यादीत आपलं नाव यावं. पदक वगैरे त्या बोलायच्या नाहीत. तीन वेळा त्यांची निवड झाली होती, पण तिन्ही वेळा राखीव म्हणून. राखीव माणसाने बॅग भरून घरी बसायचं असतं. कुणाचा हात मोडला, कुणाला कांजिण्या आल्या, तर फोन येणार. तिन्ही वेळा बाकीच्यांचे हात शाबूत राहिले. ज्या दिवशी तिकडे स्पर्धा व्हायची त्या दिवशी अक्का ऑफिसातून येऊन मुकाट्याने बॅग रिकामी करायच्या आणि कपड्यांच्या घड्या पुन्हा कपाटात लावायच्या. तिसऱ्या वेळी मी समाधान करायला गेलो, तर म्हणाल्या, "कुणाला कांजिण्या याव्यात असं मनात आलं हो माझ्या. लाज वाटली." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं अण्णांनी सांगितलं.

चौथ्या वेळी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, अक्का राखीव नव्हत्या. संघात होत्या. यापुढे पुन्हा निवड होणं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. इमारतीने त्यांना निरोप दिला तेव्हा माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. तिकडे पोचल्यावर क्रीडाग्रामाच्या फाटकावरच्या माणसाने ओळखपत्र बघायच्या आधीच मोठ्या आदराने विचारलं, "आपण कोणत्या खेळाडूच्या आई?" खोलीत त्यांच्याबरोबर अठरा वर्षांची एक जिम्नॅस्ट. ती पोरगी एका जागी बसूच शकत नव्हती, आणि अक्का हलूच शकत नव्हत्या. दोन दिवसांत दोघी एकमेकींच्या घट्ट मैत्रिणी झाल्या. उद्घाटनाची मिरवणूक आम्ही आमच्या टीव्हीवर बघत होतो. आपला संघ आला, शेकडो माणसं, सगळे हात हलवताहेत, नाचताहेत, फोटो काढताहेत. यात अक्का कुठे शोधायच्या? "न हलणारी बाई बघा," अण्णा म्हणाले, आणि पुढच्या क्षणाला सापडल्या. ताठ मान, हात सरळ खाली, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे मी अकरा वर्षांत बघितलं नव्हतं.

त्यांची स्पर्धा काही टीव्हीवर दाखवत नव्हते. पालथ्या पडलेल्या बायका पन्नास मिनिटं बघायला कोण बसणार! पण एकेका गोळीचे गुण फोनवर येत होते. आमच्या दिवाणखान्यात अण्णा, मी, माझी बायको आणि इमारतीतली पाच-सात माणसं एका फोनभोवती बसलो होतो. एका गोळीला जास्तीत जास्त दहा पूर्णांक नऊ दशांश मिळतात, हे त्या दिवशी सगळ्यांना पाठ झालं होतं. दहा गोळ्यांनंतर अक्का नवव्या. वीसनंतर सहाव्या. चाळीसनंतर तिसऱ्या! माझ्या बायकोने देवापुढे दिवा लावला आणि परत येऊन बसली. मग अक्कांच्या नावापुढे काहीच येईना. बाकीच्यांच्या गोळ्या पुढे सरकत होत्या, अक्कांच्या चाळीसच. "नेटवर्क गेलं," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी फोन उंच धरला. बऱ्याच वेळाने एकेचाळिसाव्या जागी आकडा आला. शून्य.

कुणालाच काही कळेना. दहाच्या आसपास मारणाऱ्या बाईला शून्य कसं? अण्णांना कळलं. ते उठले, "गॅस बंद करून येतो" म्हणाले आणि गेले. गॅस पेटवलेलाच नव्हता, हे मला माहीत होतं. पुढच्या एकोणीस गोळ्यांत अक्कांची एकही गोळी दहाच्या खाली गेली नाही, पण शून्य ते शून्यच. निकालाच्या यादीत नाव आलं, शेवटून दुसरं.

झालं होतं असं, की चाळिसाव्या गोळीनंतर घामाने अक्कांचा चष्मा धुरकटला. तो पुसायला त्या उठल्या, आणि उठताना नजर गेली ती गुण दाखवणाऱ्या मोठ्या पाटीवर. स्वतःचं नाव, तिसरं. जन्मभर न बघितलेला आकडा नेमका त्या दिवशी बघितला. छाती धडधडू लागली. त्या पुन्हा पडल्या, श्वास सोडला, घोडा ओढला, आणि गोळी शेजारच्या मुलीच्या निशाणावर जाऊन लागली. नेमबाजीत याला माफी नाही. जिच्या निशाणावर लागली तिला ती मिळत नाही, आणि जिने मारली तिला शून्य.

हे अण्णांकडून कळलं त्या दिवशी मी आमच्या दारात उभा राहून हिशेब केला. दहा मीटरवर एक वीत डावीकडे. मग पन्नास मीटरवर किती? पाच विती. म्हणजे जवळजवळ बरोबर शेजारचं निशाण. घाईत पुन्हा पडताना त्यांच्या अंगाने अकरा वर्षांची सवय धरली होती, आणि ती सवय त्यांना आमच्या कपाटाने लावली होती. मी आणि बायकोने त्याच दुपारी कपाट ओढून गच्चीवर नेऊन टाकलं. चपला महिनाभर दारात पसरलेल्या होत्या.

अक्का आल्या. इमारतीने हार आणला होता, तो घालावा की नको यावर खाली दहा मिनिटं चर्चा चालली होती. अक्कांनीच तो घेऊन गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "घालायचा की हो. यादीत नाव आलंय. शेवटच्या बाईला ताप होता म्हणे, ते धरलं तर मीच शेवटची." सगळे हसले, त्याही हसल्या. पण त्यानंतर त्यांनी स्पर्धा सोडल्या. आता शनिवार-रविवार कॉलेजच्या मुलींना शिकवतात, आणि मुली म्हणे त्यांना फार घाबरतात.

कपाटाचं ओझं मला सहन होईना. एका रविवारी संध्याकाळी त्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "अक्का, आमचं चुकलं. त्या कपाटामुळे झालं." त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात भिजलेल्या कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ते म्हणून याला इथं आणून टाकलंय होय? काय हो निपाणीवाले! त्या बापड्या कपाटाला कशाला शिक्षा? आकडा मी बघितला. निशाणाचा नंबर बघायचा मी विसरले." थोडा वेळ त्या कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "स्वल्प ऐका, कुणाला सांगितलं नाही मी. पुन्हा पडले ना, तेव्हा छाती नुसती धाडधाड करत होती. आणि एकदम सगळं शांत झालं. आपल्या घरीच पडलेय असं वाटलं. मागं अण्णा पोळ्या करतायत, समोर तुमची भिंत, वैनी 'रिकामी आहे' म्हणतायत. असं शांत मला त्या रेंजवर कधी झालं नव्हतं. सुटली गोळी तेव्हाच कळलं, ही मध्यात गेली. आणि गेली हो. दहा पूर्णांक नऊ. त्या पोरीच्या पडद्यावर मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तीस वर्षांत अशी नव्हती सुटली. मग साहेब लोक आले, तिच्याकडची पुसून टाकली, माझ्याकडं शून्य लावलं. बरोबरच आहे ते, नियम आहे." शेवटची चादर त्यांनी घडी करून टोपलीत ठेवली. "पण ती गोळी आता कुठंच लिहिलेली नाही बघा."

मी टोपली उचलून खाली नेऊन दिली. निकालाची यादी मी नंतर पुष्कळदा काढून बघितली आहे. अक्कांच्या नावापुढे एकेचाळिसाव्या जागी शून्य आहे, आणि नियमाने ते शून्यच राहणार. तरी त्या गोळीचं बिचारीचं कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला फार दिवस वाटत होतं. म्हणून हे लिहिलं. ती बरोबर मध्यभागी लागली होती.